आधी पोचलेल्यांची अडचण

जून २०२४ च्या अखेरीस जपान सरकारने फ्लॉपी डिस्कविरुद्धची लढाई जिंकल्याचे जाहीर केले. डिजिटल खात्याचे मंत्री तारो कोनो यांनी २०२२ मध्ये ही लढाई पुकारली. फ्लॉपी, सीडी अशा वस्तूंवर माहिती भरूनच ती सरकारदरबारी द्यावी, असे सांगणाऱ्या सुमारे १,९०० प्रक्रिया तेव्हा आढळल्या होत्या. दोन वर्षांत फ्लॉपीशी संबंधित १,०३४ नियम रद्द झाले आणि मोडीत निघालेल्या वाहनांसंबंधीचा एकच उरला. साडेतीन इंची फ्लॉपी जगाला दिली ती सोनी या जपानी कंपनीनेच, १९८१ मध्ये. तिची विक्रीही सोनीने २०११ मध्ये थांबवली. बनवणाऱ्याने वस्तू सोडून दिल्यावरही तेरा वर्षे कायदा ती मागत राहिला.

अशा बातम्या वाचून आपल्याकडे एक तयार निष्कर्ष काढला जातो: जपान म्हातारा झाला, म्हणून मागे पडला. मला हे उत्तर फार उथळ वाटते. ज्या समाजाने एखादे तंत्र सर्वांच्या आधी आणि सर्वांहून उत्तम वापरले, त्यालाच ते सोडायला एवढा उशीर का होतो, हा प्रश्न जपानपेक्षा जुना आहे. शंभराहून अधिक वर्षे अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार त्यावर वाद घालत आहेत. त्या वादातून आणि त्यामागच्या खऱ्या उदाहरणांतून माझे एक मत पक्के होत गेले आहे. लोक यंत्राला चिकटत नाहीत. त्या यंत्राभोवती कामाची, पैशाची आणि जबाबदारीची जी वाटणी होऊन बसते, तिला ते चिकटतात. नवे यंत्र आणण्याचा खर्च एकाच्या माथी आणि फायदा दुसऱ्याच्या पदरी, अशी स्थिती असेल तर शहाण्या माणसांचा देशही जागचा हलत नाही.

जपानमधल्या फॅक्सची गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य कचेऱ्यांत टंकयंत्र आणि टेलेक्स रुळले होते, कारण त्यांची लिपी मूठभर अक्षरांची होती. जपानी लिहायला हजारो चित्राक्षरे लागतात. क्योता सुगिमोतो यांनी १९१५ मध्ये जपानी टंकयंत्र बनवले खरे, पण त्यात दोन हजारांहून अधिक खिळ्यांच्या तबकातून एकेक खिळा शोधून उचलावा लागे. त्यामुळे बहुतेक पत्रव्यवहार हातानेच होई. कागदावर जे असेल ते जसेच्या तसे दुसऱ्या गावी पोचवणारे यंत्र, हीच जपानची खरी गरज होती. यासुजिरो निवा यांच्या पद्धतीने १९२८ मध्ये सम्राटांच्या राज्यारोहणाची छायाचित्रे क्योतोहून तोक्योला तारेने पाठवली गेली. जपानी अक्षरे लिहू शकणारा तोशिबाचा पहिला वर्ड प्रोसेसर १९७८ साली आला, तेव्हा त्याची किंमत ६३ लाख येन होती. १९८० मध्ये फॅक्ससाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि पुढच्या दशकात जपानी कंपन्यांनी जगाची फॅक्सची बाजारपेठ व्यापली. हाताने लिहिलेली मागणी, गल्लीचा नकाशा, दुरुस्तीच्या खुणा आणि शिक्का, सगळे एका कागदावर बसे. आज ज्याला मागासलेपण म्हणतात, ते त्या काळी एका अवघड लिपीच्या समाजाने स्वतःच्या अडचणीवर शोधलेले अस्सल उत्तर होते.

मग ते उत्तर अंगाला चिकटले कसे? त्याचा धागा शिक्क्यात आहे. जपानी शासनाने १८७३ मध्ये नोंदणी केलेल्या वैयक्तिक शिक्क्याला कायदेशीर वजन दिले. पुढे कचेऱ्यांची सगळी कार्यपद्धतीच त्याभोवती उभी राहिली. प्रस्तावाचा कागद खालच्या टेबलावरून निघतो, प्रत्येक अधिकारी त्यावर आपला शिक्का उमटवतो आणि शेवटी तो सर्वांचा निर्णय होतो. कोणी काय पाहिले, कोणी मान्य केले, उद्या बिघडले तर कोण किती जबाबदार, हे सारे त्या लाल ठशांच्या रांगेत नोंदलेले असते. फॅक्स त्या शिक्क्यासकट कागद पोचवत होता. फॅक्स काढायचा तर कागद काढावा लागतो, कागद काढायचा तर शिक्का काढावा लागतो, आणि शिक्का काढायचा तर जबाबदारी पुन्हा नव्याने वाटावी लागते. असे काम कोणताही खातेप्रमुख आपण होऊन अंगावर घेत नाही.

२०२० च्या साथीने ही गाठ सर्वांसमोर आणली. रुग्णांची नोंद डॉक्टर हाताने फॉर्मवर भरत आणि फॅक्सने आरोग्य केंद्राला पाठवत. तिथले कर्मचारी ते आकडे पुन्हा टिपत. ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था मे २०२० मध्ये घाईने उभारावी लागली. घरून काम करा असे सांगितलेले नोकरदार निव्वळ शिक्का मारायला लोकलने कचेरीत जात होते. त्याच वर्षी प्रशासकीय सुधारणांचे मंत्री झालेल्या कोनो यांनी शिक्का लागणाऱ्या सुमारे १५ हजार सरकारी प्रक्रिया तपासल्या आणि ८३ वगळता सर्वांतून तो काढण्याचे ठरवले. शिक्के बनवणाऱ्या यामानाशी प्रांताच्या गव्हर्नरांनी उघड विरोध केला. त्याआधी २०१९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाचे मंत्री झालेले नाओकाझू ताकेमोतो हेच शिक्का टिकवू पाहणाऱ्या खासदारांच्या गटाचे प्रमुख होते. २०२१ मध्ये मंत्रालयांतून फॅक्स हटवण्याचे ठरले, तेव्हा शेकडो हरकती आल्या. त्यांत गोपनीयतेची, न्यायालयांची, पोलिसांची कारणे होती. त्या सगळ्यांना आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. फॅक्सचा कागद चुकीच्या हाती पडला तर एक कागद फुटतो, पण सर्व्हर फुटला तर लाखोंची माहिती जाते, ही भीती खरी आहे.

अबू या यामागुची प्रांतातल्या छोट्या गावाचे २०२२ मधले प्रकरण मला या सगळ्यात फार बोलके वाटते. ४६३ कुटुंबांना साथीच्या काळातली प्रत्येकी एक लाख येनची मदत द्यायची होती. त्यांची यादी गावाने बँकेला फ्लॉपीवर दिली. ती यादी बरोबर होती. पण तिच्या जोडीला कागदी विनंतीपत्रही गेले आणि त्याच्या चुकीमुळे ४ कोटी ६३ लाख येनची सगळी रक्कम एकाच रहिवाशाच्या खात्यात जमा झाली. जगभरच्या मथळ्यांत गाजली ती फ्लॉपी. घोळ मात्र घडला एकाच कामाच्या दोन वाटा एकाच वेळी चालू ठेवल्यामुळे. अर्धवट सुधारणा जुन्या यंत्राहून जास्त महाग पडू शकते, हे सुधारकांनीही मनावर घ्यायला हवे.

हा समाज नवे स्वीकारतच नाही, असेही म्हणता येत नाही. मोबाइलवर इंटरनेट आणणारी आय-मोड सेवा तिथे फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाली आणि फोनमधले पाकीट २००४ मध्ये आले. क्यूआर कोड तर १९९४ मध्ये डेन्सो या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या समूहात मासाहिरो हारा यांनी घडवला. पण त्या चौकटीने पैसे देण्याची सवय आधी चीनमध्ये पसरली आणि २०१६ नंतर यूपीआयच्या बळावर आपल्याकडे. दादरच्या वडापावच्या गाडीवर जो चौकोन चिकटवलेला दिसतो, त्याच्या जन्मभूमीत त्याचा एवढा सुळसुळाट व्हायला वेळ लागला. कारण तिथे रेल्वेची स्पर्शविरहित कार्डे २००१ पासूनच उत्तम चालत होती, रोख रक्कम खिशात बाळगणे सुरक्षित होते आणि दुकानदाराला नव्या सोयीची निकड नव्हती. आपल्याकडे गाडीवाल्यापाशी कार्डाचे यंत्रच नव्हते, त्यामुळे सोडायलाही काही नव्हते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी विचारवंताने १९१५ मध्ये जर्मनी आणि ब्रिटनची तुलना करताना हेच नेमके मांडले होते: आधी पुढे जाणाऱ्याला त्याचा दंड भरावा लागतो. त्याचे उदाहरण ब्रिटिश रेल्वेच्या छोट्या मालवाघिणींचे होते. वाघीण मोठी करायची तर फाटे, धक्के, माल उतरवण्याच्या सोयी, सगळेच बदलावे लागे. पुढे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स किंडलबर्गर यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. बऱ्याच वाघिणी कोळशाच्या खाणमालकांच्या होत्या आणि रूळ रेल्वे कंपन्यांचे. मोठ्या वाघिणीचा लाभ एकाला आणि खर्च दुसऱ्याला, मग करणार कोण? यान रोमेन या डच इतिहासकाराने १९३७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर टिकून राहिलेल्या गॅसच्या दिव्यांवरून असाच मुद्दा मांडला. या तिघांत मला किंडलबर्गर सर्वांत उपयोगी वाटतात, कारण ते 'मनोवृत्ती' या धूसर शब्दाकडून आपल्याला मालकीच्या हिशेबाकडे आणतात.

तो हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो लँकशरच्या सूतगिरण्यांत, आणि त्या गोष्टीत आपणही आहोत. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये म्यूल हे सूतकताईचे यंत्र बनवले आणि लँकशर जगाला कापड पुरवू लागले. रिंग ही सोपी, अखंड चालणारी पद्धत अमेरिकेत १८२८ मध्ये निघाली. १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये म्यूलच्या साडेचार कोटींच्या आसपास चात्या होत्या आणि रिंगच्या सुमारे एक कोटी. अमेरिकेत तोवर रिंगचेच राज्य होते. हे मूर्खपणाचे होते का? त्या साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केले. बारीक सुतासाठी म्यूल चांगले होते आणि ते चालवणारे कसबी कामगार पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. शिवाय ओल्डहॅममध्ये कताई आणि बर्नली, ब्लॅकबर्नमध्ये विणकाम, अशी गावांची आणि कंपन्यांची विभागणी झालेली होती. म्यूलचे सूत हलक्या गुंडीवर गावोगाव नेता येई, रिंगचे जड लाकडी बॉबिनवर. कताई आणि विणाई एकाच छपराखाली असती तर हा वाहतूकखर्च पडलाच नसता. लार्स सँडबर्ग या इतिहासकाराने म्हणूनच दाखवले की आपल्या परिस्थितीत गिरणीमालकांचा हिशेब चोख होता. अर्थशास्त्रज्ञ विल्यम लॅझोनिक यांनी त्यावर विचारले की ती परिस्थितीच बदलण्याची ताकद उद्योगात का उरली नव्हती. मला लॅझोनिक यांचा प्रश्न जास्त खोल वाटतो. प्रत्येक घटक शहाणपणाने वागत असताना सगळे मिळून बुडू शकतात, हे त्यातून कळते. कामगार संघटनांनाही दोष देण्याआधी एक आठवावे: रिंगचा अर्थ कसबी पुरुषांच्या जागी कमी मजुरीवर मुली आणि बायका असाही होता.

नवे यंत्र बनवणारा माणूस अशा ठिकाणी जन्मत नाही असे नाही. आपोआप कांडी बदलणारा माग बनवणारा जेम्स नॉर्थ्रॉप हा मूळचा इंग्लंडमधल्या कीथलीचा. त्याचा माग मात्र अमेरिकेत तयार झाला आणि तिथेच पसरला.

इकडे नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८० च्या दशकात, लँकशर रिंगकडे संशयाने पाहत असताना, तिथे रिंगच्या चात्या बसवल्या गेल्या. नागपूरकरांनी ओल्डहॅमच्या आधी हे पाऊल टाकले, याचे कारण मला त्यांच्या धाडसाइतकेच मोकळ्या जमिनीतही दिसते. तिथे जुन्या म्यूलवाल्यांची पिढी नव्हती आणि सूत-विणाईची गावे वेगळी झालेली नव्हती. जपाननेही हेच केले. १८८० च्या दशकाअखेर तिथल्या नव्या गिरण्या रिंग घेऊ लागल्या आणि १८९३ मध्ये टाटा व निप्पोन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई-कोबे जहाजे सुरू केल्यावर आपला कापूसच त्या गिरण्यांना खाऊ घालू लागला. जपानी गिरण्यांत खेड्यातल्या मुलींनी रात्रपाळ्या केल्या. त्यांच्या हालांची किंमत त्या प्रगतीच्या हिशेबात धरलीच पाहिजे. चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हटवले तेही जपाननेच. पुढे १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने, जगाला कापडयंत्रे पुरवणाऱ्या कंपनीने, साकिची तोयोदांच्या स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. शिकवणारा शिष्याकडून विकत घेऊ लागला होता.

आणि मग मुंबईची पाळी आली. गिरणगावाच्या शोकांतिकेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण यंत्रांच्या अंगाने कमी. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवण्यावर सरकारनेच बंधन घातले होते. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग कमी मजुरीवर स्वस्त कापड काढत होते. अनेक मालकांनी नफा यंत्रांत परत घातला नाही. पुढे गिरणीखालच्या जमिनीचे मोल गिरणीच्या मोलापेक्षा मोठे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा मुंबईतल्या कित्येक गिरण्या आधीच पोकळ झालेल्या होत्या. कामगारांनी नव्या यंत्रांना अडवले म्हणून गिरण्या गेल्या, ही समजूत मला मान्य नाही. जुनी यंत्रे बदलण्याचा निर्णय ज्यांच्या हातात होता, त्यांचे हित त्या यंत्रांत उरलेच नव्हते. भरडला गेला तो निर्णयात वाटा नसलेला माणूस.

अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९८२ मध्येच, म्हणजे संपाच्या वर्षी, एक पुस्तक लिहून या प्रश्नाला व्यापक रूप दिले. स्थिर समाजात हितसंबंधांचे गट साचत जातात आणि बदल अडवतात. महायुद्धात ते गट उद्ध्वस्त झाल्यामुळे जपान आणि जर्मनी वेगाने वाढले, तर विजयी ब्रिटन रखडला. चाळीस वर्षांनी त्यांच्याच उदाहरणातल्या जपानमध्ये शिक्केवाल्यांचा गट संसदेत उभा राहावा, हा त्यांच्या सिद्धांताला मिळालेला मोठा पुरावा आहे. पण त्यातून युद्धासारख्या विनाशानेच समाज तरुण होतो, असा अर्थ काढणारे मला भयंकर वाटतात. फ्रान्सने शांततेच्या काळात पुढे जाणे आणि मागे राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून दाखवल्या. बँककार्डावरची चिप तिथे रोलाँ मोरेनो यांच्या १९७४ च्या शोधातून आली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर लागू झाली. चुंबकीय पट्टी शोधणाऱ्या अमेरिकेने चिपकडे जोर लावला तो थेट २०१५ मध्ये. त्याच फ्रान्सने १९८० च्या दशकात घरोघरी मिनिटेल नावाचे पडदे फुकट वाटून टेलिफोनची यादी, रेल्वेची तिकिटे, बँक, सगळे तारेवर आणले. आणि १९९७ मध्ये पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांना सांगावे लागले की हेच मिनिटेल आता इंटरनेटच्या आड येऊ शकते. ते बंद झाले ३० जून २०१२ रोजी. एकच देश एका तंत्रात पुढे आणि दुसऱ्यात मागे असेल, तर 'समाजाचा स्वभाव' हे कारण टिकत नाही. प्रत्येक व्यवस्था वेगळी उघडून पाहावी लागते.

या सगळ्याला इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांचा एक रास्त विरोध आहे. २००६ च्या पुस्तकात ते म्हणतात की तंत्राचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहू नये, वापराने लिहावा. जुनी साधने सर्वत्र आणि सर्व काळ कामात असतात. हे खरे आहे. जुने असणे हा दोष नाही. जुन्या साधनाचा भार कोणावर पडतो, हे तपासायचे. फॅक्समुळे रुग्णांची मोजणी उशिरा झाली तर तो भार रुग्णावर पडतो, आणि तिथे ते बदलायलाच हवे.

ही कसोटी मराठीला लावली, तर मला चैन पडत नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात आपण मागे नव्हतो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या लिपीतंत्राचे काम १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक त्याच काळातले आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता त्याच्याच आधारावर उभा आहे. तरीही मराठी पुस्तके, मासिके, दिवाळी अंक वर्षानुवर्षे जुन्या फाँटमध्ये जुळवले गेले, आणि काही ठिकाणी अजूनही जुळवले जातात. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, शोध घेता येत नाही, आणि अंधांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर त्यातले काहीही वाचू शकत नाही.

अक्षरजुळणी करणाऱ्याला यात दोष कसा द्यावा? त्याला पानामागे पैसे मिळतात. बोटे एका कळमांडणीला सरावलेली असतात. पानजुळणीच्या ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरवर तो शिकला, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नव्हती. प्रकाशकाला छापील पान हवे असते आणि ते जुन्या फाँटमध्ये सुंदरच येते. युनिकोडचा लाभ होतो तो शोधणाऱ्या अभ्यासकाला, परदेशातल्या वाचकाला, अंध विद्यार्थ्याला आणि पन्नास वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला. यांपैकी कोणीही जुळणीचे बिल भरत नाही. ओल्डहॅमचे बॉबिन आणि खाणमालकांच्या वाघिणी यांच्याच जातीची ही अडचण आहे.

म्हणून उपायही तिथेच शोधावा लागेल. जपानमध्ये फ्लॉपी गेली ती लोकांना आधुनिक व्हा असे सांगून नव्हे. हजारो नियमांची कलमे एकेक करून वाचली गेली आणि २०२१ मध्ये स्थापन झालेल्या डिजिटल खात्याला त्यांमागे लागण्याचे अधिकार मिळाले. मराठीत अनुदानित प्रकाशने, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके आणि विद्यापीठांचे ग्रंथ यांच्या कंत्राटात दोन अटी घालता येतील: युनिकोडमधली मूळ फाइल द्यावी लागेल, आणि रूपांतराचा व तपासणीचा खर्च अनुदानातून वेगळा मिळेल. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार जागोजागी चुकतात, त्यामुळे प्रत्येक पान माणसाला वाचावे लागते. १९९० पासूनच्या दोन दशकांतली असंख्य मराठी पुस्तके प्रकाशकांच्या आणि जुळणीकारांच्या जुन्या हार्ड डिस्कवर अशा फाइलींत आहेत. त्या डिस्क बंद पडण्याआधी कोणत्या फाइल कोणाकडे आहेत याची यादी करणे, हे यातले सर्वांत स्वस्त काम आहे आणि ते कोणत्याही नव्या तंत्राची वाट न पाहता सुरू करता येते.